वर्षाखेरीच्या आवडत्या याद्या : चित्रपट, गाणी, गेम्स – नियम, गुण आणि देवाणघेवाण

रकाना

डिसेंबर लागला की मित्रांच्या गटांत "या वर्षी काय काय आवडलं?" सुरू होतं. दोन दिवसांत साठ-सत्तर नावं पडतात, चार बदाम येतात आणि सगळं गप्पांच्या ढिगाखाली गडप होतं. मार्चमध्ये त्यातलं एकही नाव कुणाला आठवत नाही. त्यामुळे हा धागा "तुमची यादी टाका" असा नाही. यादी करायची कशी, मोजायची कशी आणि त्यातलं लोकांनी खरंच पाहावं-ऐकावं-खेळावं म्हणून काय करायचं, त्याच्यासाठी आहे.

माझा आराखडा असा :

गट सहा ते बारा जणांचा. त्याहून कमी असेल तर मोजणीला अर्थ नाही, नुसतं बोला. त्याहून जास्त असेल तर कुणी कुणाची यादी वाचत नाही.

प्रत्येकी चित्रपट ५, अल्बम किंवा गाणी ५, गेम ३. दहा-दहा मागितले की खालची चार भरतीची असतात. गेम तीनच, कारण नोकरी-धंदा सांभाळून वर्षात दहा गेम संपवणारा माणूस विरळा.

शीटमध्ये (सामायिक स्प्रेडशीटमध्ये) एका ओळीत एकच नोंद. रकाने : कुणी दिलं, प्रकार, नाव, वर्ष, कर्ता (दिग्दर्शक / कलाकार / स्टुडिओ), लांबी, १० पैकी गुण, "कुठून सुरू करायचं", "कुणी टाळावं". शेवटचे दोन रकाने सक्तीचे. ते रिकामे असतील तर नोंद धरायची नाही.

हमखास होणाऱ्या तीन चुका आधीच सांगतो.

१. गुणांच्या रकान्यात ८/१० असं लिहिलं की शीट त्याची तारीख करून टाकते. नुसतं ८ लिहा. त्याहून बरं म्हणजे त्या रकान्याला १ ते १० ची ड्रॉपडाउन (टिचकी मारली की उघडणारी) यादी लावून टाका, म्हणजे टंकायचंच नाही. तिथे अंक इंग्रजी कळपटाचेच घ्या. शीटने देवनागरी आकडा मजकूर म्हणून धरला तर बेरीज तो गपचूप वगळते, चूक दाखवत नाही. ओळखायची खूण : आकडा उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे.

२. एकच चित्रपट तिघांनी तीन प्रकारे लिहिला की तो तीन चित्रपट होतो. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, मध्ये दोनदा पडलेली मोकळी जागा, एकाने नाव देवनागरीत लिहिलं आणि दुसऱ्याने रोमनमध्ये. डोळ्यांना सारखंच दिसतं, शीटला नाही. त्यामुळे नावावरून मोजू नका. प्रत्येक कृतीला एक क्रमांक द्या आणि मोजणी त्यावर करा.

३. सगळे एकाच पानावर भरतात आणि कुणीतरी रकान्याची क्रमवारी लावताना फक्त एकच रकाना निवडतो. नावं एकीकडे, गुण दुसरीकडे. भरायला फॉर्म द्या, शीट फक्त बघायला.

आता वाद घाला.

---

मध्यंतर

आराखडा बरा आहे, पण पहिला वाद "वर्ष" या रकान्यावरून होणार. कुठलं वर्ष?

चित्रपट सप्टेंबरात महोत्सवात दाखवला जातो, पुढच्या मार्चमध्ये चित्रगृहात येतो, ऑगस्टमध्ये घरबसल्या दिसतो. तिन्ही तारखा खऱ्याच. माहितीकोशांत बहुतेक वेळा पहिल्या जाहीर खेळाचं वर्ष असतं, म्हणजे महोत्सवाचं. ते धरलं तर डिसेंबरात यादी करणाऱ्या माणसाला त्या वर्षीचे निम्मे चांगले चित्रपट बघायलाच मिळालेले नसतात.

माझ्या मते दोन कप्पे करा. "नवं" : गटातल्या कुणालाही सरळ मार्गाने बघता येईल अशा रीतीने जे त्या वर्षी पहिल्यांदा आलं ते. "नव्याने गवसलेलं" : प्रदर्शन कधीचंही असो, त्या माणसाने त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं ते. दुसरा कप्पा नेहमीच जास्त रसाळ निघतो. पहिल्यात सगळ्यांची नावं तीच तीच येतात.

आणि रकान्यात लांबी लिहायची सूचना सोडू नका. ती नुसती सोयीची नाही, ओळख पटवायला लागते. एकाच नावाचे चित्रपट ढिगाने असतात, शिवाय एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या असतात. नाव + वर्ष + दिग्दर्शक + मिनिटं, एवढं असलं की गोंधळ होत नाही. आयएमडीबी या चित्रपटांच्या ऑनलाइन माहितीकोशातला क्रमांक (दोन टी आणि पुढे सात-आठ आकडे) टाकला तर @रकाना यांनी सांगितलेली स्पेलिंगची कटकटही मिटते.

---

लोडिंग_९९

गेमच्या बाबतीत वर्षाचा घोळ याहून वाईट. अर्ली अॅक्सेस म्हणजे अर्धवट अवस्थेतच विक्रीला ठेवलेला गेम. लोक तो दोन-तीन वर्षं खेळतात आणि मग १.० (पूर्ण) आवृत्ती येते. नियम सोपा ठेवा : १.० ज्या वर्षी आली ते वर्ष. त्याआधी आवडला असेल तर "चालू काम" म्हणून उल्लेख करा, गुण नाहीत.

रीमास्टर, रीमेक, जुन्या गेमचं नव्या कन्सोलवर आगमन : रीमेक नवा, बाकीचे दोन जुने. रीमेक म्हणजे कोड आणि कला नव्याने बांधलेली. नुसती चित्रं टोकदार करून फ्रेम वाढवल्या असतील तर तो रीमास्टर.

दुसरं, यादी डिसेंबरात बंद करू नका. मोठे पुरस्कारसुद्धा यात फसतात. द गेम अवॉर्ड्सचा सोहळा डिसेंबरात आणि पात्रतेची रेषा नोव्हेंबरात, त्यामुळे डिसेंबरात आलेला गेम पुढच्या वर्षात ढकलला जातो आणि तोवर लोक त्याला विसरलेले असतात. संगीताच्या ग्रॅमी पुरस्कारांचं पात्रता-वर्षही कॅलेंडरप्रमाणे चालत नाही, साधारण सप्टेंबर ते ऑगस्ट असं असतं. आपल्याला सोहळा करायचा नाहीये. ३१ जानेवारीला कुलूप लावा.

---

वाचनमात्र

एक शंका. मित्रामित्रांत गुण हवेतच कशाला? ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं साइट अँड साउंड हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून यादी घेतं. तिथेसुद्धा प्रत्येकाने दहा नावं द्यायची, क्रम नाही, गुण नाहीत. जितक्यांनी नाव घेतलं तितकी मतं.

---

आडवातिडवा

@वाचनमात्र, ती पद्धत तिथे चालते कारण मतदार पुष्कळ असतात. २०२२ साली १६०० च्या वर होते. आठ जणांच्या गटात ती लावून बघा : चाळीस नोंदींपैकी सत्तावीस ते एकोणतीस कृतींना प्रत्येकी एक मत, चार-पाचांना दोन, एखादीला तीन. क्रम लागतच नाही. लहान गटाला काहीतरी वजन लागतं.

वजनाच्या तीन रूढ पद्धती आहेत, तिन्हींत खोट आहे.

(अ) क्रमाचे गुण. पहिल्याला ५, दुसऱ्याला ४, असं खाली १ पर्यंत. अठराव्या शतकातल्या बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ही ओळखली जाते. सोपी आहे, पण इथे पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर आणि चौथ्या-पाचव्यातलं अंतर सारखंच. प्रत्यक्षात पहिला जीव की प्राण असतो आणि चौथा-पाचवा "बरा होता". युरोव्हिजन गाणेस्पर्धेत १९७५ पासून वरच्यांना जास्त वजन आहे : १२, १०, मग ८ पासून १ पर्यंत. पाच जागांसाठी तीच कल्पना ७, ५, ३, २, १ अशी बसवता येते.

(ब) गुणांची थैली. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस साप्ताहिकाच्या संगीत-कौलात प्रत्येक समीक्षकाकडे १०० गुण असत, ते दहा अल्बममध्ये वाटायचे, एकाला कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३०. आवडीची तीव्रता यात नीट उतरते. पण गट आठ जणांचा असेल तर एकट्याचे ३० गुण तिघांच्या एकमतावर मात करतात. पाच नोंदींना ५० गुण द्या, कमाल १८ ठेवा.

(क) १० पैकी सरासरी. आणि इथे खरी मेख आहे.

सगळ्या बेरजेच्या पद्धती "किती आवडलं" मोजत नाहीत, "किती जणांनी पाहिलं" हे मोजतात. उदाहरण घ्या. दहा जागांची यादी, गुण १० ते १. सात जणांनी एक गाजलेला चित्रपट आठव्या जागी ठेवला : ७ × ३ = २१. दोघांनीच पाहिलेला एक चित्रपट दोघांनीही पहिला ठेवला : २ × १० = २०. गाजलेला जिंकला. कुणालाही तो फारसा आवडलेला नाही, तरी जिंकला. उलट नुसती सरासरी काढली तर एकट्याने पाहून १० दिलेला चित्रपट कायम पहिला येणार.

उपाय आहे : सरासरीत काही काल्पनिक "मध्यम" मतं मिसळायची.

सुधारित गुण = (क × म + मिळालेल्या गुणांची बेरीज) ÷ (क + मतं देणारे)

म म्हणजे गटाच्या सगळ्या गुणांची सरासरी, समजा ७. क म्हणजे काल्पनिक मतं किती, ते आपण ठरवायचं. आता तीन चित्रपट :

पहिला – ७ जणांनी पाहिला, सरासरी ८ (बेरीज ५६)
दुसरा – २ जणांनी पाहिला, सरासरी ९.५ (बेरीज १९)
तिसरा – एकट्याने पाहिला, १० दिले

क = ३ घेतला तर : पहिला (२१+५६)÷१० = ७.७; दुसरा (२१+१९)÷५ = ८.०; तिसरा (२१+१०)÷४ = ७.७५. म्हणजे एकट्याचा आवडता सात जणांच्या पुढे.
क = ५ घेतला तर : पहिला (३५+५६)÷१२ = ७.५८; दुसरा (३५+१९)÷७ = ७.७१; तिसरा (३५+१०)÷६ = ७.५. आता क्रम पटतो.

आठ जणांच्या गटाला ४ ते ५ ठीक. पण हे चालायचं तर लोकांनी फक्त आपल्या पाचांना नाही, तर यादीतलं जे जे पाहिलंय त्या सगळ्याला गुण द्यायला हवेत, नावडलेल्यालाही. म्हणून दोन फेऱ्या करा : आधी नावं, मग सगळ्या नावांवर गुण. न पाहिलेल्यापुढे रिकामं. शून्य टाकायचं नाही! हा एकच शून्य सगळी मोजणी मारतो.

---

रकाना

@आडवातिडवा, हे फार उपयोगी. दोन फेऱ्यांचा नियम वर घालतो. भर एवढीच : शेजारी प्रमाण विचलनाचा (गुण एकमेकांपासून किती पसरलेत त्याचा) रकाना काढा. ८, ८, ७, ८ आणि १०, १०, ३, ८ या दोन्हींची सरासरी ७.७५ च आहे. पण गप्पा दुसऱ्यावर रंगतात. एकत्र बसून बघायचा चित्रपट निवडायचा असेल तर सगळ्यांत वर आलेला घेऊ नका, सगळ्यांत जास्त फाटाफूट झालेला घ्या.

---

कोमल_गंधार

गाण्यांबद्दल लिहिते, कारण इथे लोक आकड्यांवर जरा जास्तच विश्वास ठेवतात. अॅप वर्षाअखेरी "तुमचं सर्वाधिक ऐकलेलं" म्हणून रंगीत पान दाखवतं आणि लोक तीच यादी गटात टाकतात. ती आवडीची यादी नाही, मीटर आहे.

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं धरतात. लास्ट एफएमवर (ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणारं संकेतस्थळ) गाणं ३० सेकंदांहून मोठं हवं आणि निम्मं किंवा ४ मिनिटं, यांतलं जे आधी होईल तेवढं वाजायला हवं. दोन्हींत परिणाम एकच : चाळीस मिनिटांचा राग म्हणजे एक, आणि तेवढ्याच वेळात अडीच मिनिटांची सोळा गाणी म्हणजे सोळा. झोपताना लावलेला पावसाचा आवाज, पोरांनी शंभरदा लावलेलं बालगीत, व्यायामाची यादी, सगळं त्यात. वर ही मोजणी नोव्हेंबरातच कधीतरी थांबते. यादी करायला त्या पानाचा उपयोग फक्त आठवण म्हणून करा.

दुसरं, दुवा म्हणजे नोंद नव्हे. हक्क संपले की गाणं प्लेलिस्टमध्ये राखाडी होतं, काही देशांत मुळातच नसतं. शिवाय सामायिक प्लेलिस्टमधून कुणीही काहीही उडवू शकतो. मजकुरात लिहून ठेवा : कलाकार, गाणं, अल्बम, वर्ष, लांबी, आवृत्ती (मूळ / मैफिलीतली / रीमास्टर). अगदी नेमकं हवं असेल तर आयएसआरसी हा १२ अक्षर-आकड्यांचा संकेत घ्या, तो विशिष्ट ध्वनिमुद्रणाला दिलेला असतो. त्यातले वर्षाचे दोन आकडे मात्र संकेत दिला त्या वर्षाचे, गाणं गायलं त्या वर्षाचे नव्हेत. जुनी गाणी त्यामुळे "नवी" वाटतात.

पाच गाण्यांऐवजी कुणाला वर्षाची एक "सुरावट" बांधून द्यायची असेल तर ४० ते ४५ मिनिटं पुरे. जुन्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू एवढीच असायची आणि ती लांबी सहज ठरलेली नाही वाटत. सीडीची ८० मिनिटं भरायच्या नादात लोक मधली सहा गाणी उगाच घालतात.

क्रम लावताना फक्त जोड ऐका : आधीच्या गाण्याचे शेवटचे २० सेकंद आणि पुढच्याचे पहिले २०. अख्खं गाणं ऐकत बसलात तर रात्र जाते आणि कान पक्षपाती होतात. दोन गाण्यांचा सूर अर्ध्या स्वराने खटकत असेल तर मध्ये तालवाद्याने सुरू होणारं गाणं घाला.

आवाजाची पातळी हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. २००० नंतरची बरीच मुद्रणं दाबून मोठी केलेली असतात, १९७० च्या आसपासची तशी नसतात. एकामागोमाग लावली की कान फाटतात. स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर सेटिंगमध्ये पातळी सारखी करायचा पर्याय चालू ठेवा. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे -१४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) आणतं, अॅपलचं साउंड चेक -१६ च्या आसपास. स्वतःच्या फाइली असतील तर रीप्लेगेन चालवा. ते फाइलच्या आवाजाला हात लावत नाही, फक्त "वाजवताना इतकं कमी कर" अशी खूण लिहितं. त्यात दोन प्रकार असतात. मिश्र यादीला "ट्रॅक" प्रकार. अख्खा अल्बम देत असाल तर "अल्बम" प्रकार, नाहीतर मुद्दाम हळुवार ठेवलेलं गाणं ओढून वर येतं आणि अल्बमची सगळी चढउतार सपाट होते.

आणि पाठवताना पहिली ओळ : "शफल बंद करून ऐका." स्मार्ट शफल असेल तर ते अॅप आपल्याच मनाची गाणी मध्ये घुसडतं.

---

वाचनमात्र

"ती आवडीची यादी नाही, मीटर आहे" +१. खेळाच्या तासांचंही तेच ना?

---

सेव्हपॉइंट

तेच. गेम चालू ठेवून चहाला गेलात तरी स्टीमवरचे (संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) तास वाढतात. "२०० तास खेळलोय" हे कौतुकाचं वाक्य नाही, काही वेळा तक्रार असते. यादीत दोनच आकडे द्या : मुख्य कथा किती तासांत संपते आणि गेम "पकड घेतो" तो क्षण कितव्या तासाला येतो.

दुसरा आकडा फार महत्त्वाचा, आणि कारण व्यवहारी आहे. स्टीमवर पैसे परत मिळण्याचा नियम असा : खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळलेलं. तुमचा आवडता गेम चौथ्या तासाला रंगत असेल तर मित्र पावणेदोन तासांनी वैतागून परत करणार. आधी सांगितलंत तर तो थांबेल किंवा घेणारच नाही, दोन्ही चांगलं. मोफत डेमो असेल तर तेच सुचवा.

"कुठून सुरू करायचं" या रकान्यात गेमसाठी काय लिहावं, त्याचा नमुना :

"कंट्रोलर हवाच, कळपटावर उडी चुकते. काठिण्य मध्यम, पहिला मोठा शत्रू अवघड वाटला तर खाली आणा, पुढे वर नेता येतं. सुरुवातीलाच मोशन ब्लर आणि चालताना डोकं हलण्याचा परिणाम बंद. दृष्टिकोन (पडद्यावर किती अंशांचं रुंद दृश्य दिसतं ते) ६५ वर दिलेला असतो, तो ९० करा. पहिल्या गावातली किरकोळ कामं सोडून द्या, बक्षीस काही नाही. साधारण दीड तासाला दोर मिळतो, तिथून गेम बदलतो. त्यानंतर अर्ध्या तासात मजा आली नाही तर सोडा."

दृष्टिकोन आणि डोलण्याची ओळ फालतू वाटेल, पण ज्यांना पहिल्या व्यक्तीच्या नजरेतले गेम खेळताना मळमळतं त्यांच्यासाठी गेम चालणार की नाही ते इथेच ठरतं. संगणकावर पडद्याच्या जवळ बसलेल्या माणसाला अरुंद दृश्य त्रास देतं. दूरच्या टीव्हीवर तेच चालून जातं.

---

लोडिंग_९९

गेम "वाटून" खेळण्याबद्दलही लिहा. दर वर्षी कुणीतरी स्टीम फॅमिलीचा (एकाचे गेम कुटुंबातल्या बाकीच्यांनी खेळायची सोय) तोडगा काढतं.

---

सेव्हपॉइंट

तो मित्रांसाठी नाही. सहा जणांपर्यंत घेता येतं, पण ते एका घरातले असावेत ही अट आहे. कुणी बाहेर पडला तर ती जागा वर्षभर अडकते. एका प्रतीवर एका वेळी एकच खेळू शकतो, काही गेम वाटायला मुळात उपलब्धच नसतात. आणि सगळ्यांत झोंबणारं : उसन्या प्रतीवर कुणी लबाडी करून बंदी ओढवली तर ती त्या गेममध्ये मूळ मालकालाही लागते.

मित्रांना बरा पर्याय म्हणजे रिमोट प्ले टुगेदर. एका पडद्यावर दोघा-चौघांनी खेळायचे गेम दूरवरून खेळता येतात, प्रत फक्त यजमानाकडे लागते. चित्र यजमानाच्या यंत्रावरून जातं, म्हणून त्याचा अपलोडचा वेग महत्त्वाचा, पाहुण्याचा डाउनलोड नव्हे. अडखळलं तर आधी यजमानाला वायफाय सोडून केबल लावायला सांगा. तरी दाबलेलं बटण थोडं उशिरा पोचतंच. त्यामुळे कोडी, पत्ते, पाळीपाळीचे गेम उत्तम, मारामारीचे नकोत.

हातात धरायची प्रत असेल तर उसनी द्या, पण कुठे काय साठतं ते सांगून. निन्टेन्डो स्विचवर प्रगती कन्सोलमध्ये राहते, कार्डात नाही, त्यामुळे कार्ड परत करताना मित्राचं काही पुसलं जात नाही. फार जुन्या काडतुसांत उलट असतं : प्रगती काडतुसातच, छोट्या बॅटरीवर. ती घेतलीत तर आधीची प्रगती पुसू नका. स्विच २ ची काही कार्डं नुसती किल्ली असतात, गेम डाउनलोडच करावा लागतो. देताना सांगा, नाहीतर मित्र कार्ड घालून वाट बघत बसतो.

---

मध्यंतर

चित्रपटाची डिस्क उसनी देणाऱ्यांनी प्रदेश-संकेत (डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या यंत्रावर चालेल ते) बघा. डीव्हीडीला १ ते ६ प्रदेश, ब्लू-रेला ए, बी, सी. फोर-के डिस्कला मात्र ही भानगड नाही. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा प्रदेश पाचदाच बदलता येतो, मग कायमचा अडकतो. एका चित्रपटासाठी तो खर्ची घालू नका.

पण परभाषेतला चित्रपट सुचवला की खरी अडचण उपशीर्षकांची. आपल्याकडे रीतसर प्रत आहे, मराठी किंवा इंग्रजी उपशीर्षकांची फाइल वेगळी मिळाली, आणि ती जुळत नाही. लोक चाचपडत बसतात. निदान तीनच :

सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक (समजा ३ सेकंद) : नुसतं सरकवायचं. व्हीएलसी या प्लेयरमध्ये जी आणि एच या कळा, एका दाबात ५० मिलिसेकंद.

सुरुवातीला जुळतं, मग हळूहळू लांबत जातं : फ्रेमचा वेग वेगळा. चित्रपट सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा आणि उपशीर्षकं २५ फ्रेमच्या प्रतीवरून केलेली. २५ वाली प्रत सुमारे ४ टक्के भरभर पळते, म्हणून तिची वाक्यं आपल्याकडे आधी येतात. दहाव्या मिनिटाला साधारण २५ सेकंद, दोन तासांच्या शेवटी जवळजवळ ५ मिनिटं. इथे सरकवून उपयोग नाही, सगळ्या वेळांना १.०४२७ ने गुणावं लागतं. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमचा वेग बदलण्याचा पर्याय आहे, तो हेच करतो.

एका ठिकाणापर्यंत चोख, मग एकदम उडी : आवृत्ती वेगळी, मध्ये प्रसंग जास्त किंवा कमी आहे. दुसरी फाइल शोधा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

अक्षरांऐवजी चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसली तर वेळेचा दोष नाही. फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारी अक्षरांची पद्धत) मध्ये जतन करा.

आणि टीव्हीवर बघणाऱ्याला एक ओळ लिहाच : हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा किंवा फिल्ममेकर मोड लावा. २४ फ्रेमच्या चित्रपटात टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः रचून घालतो आणि उत्तम छायाचित्रणाची दैनंदिन मालिका होते. मग मित्र म्हणणार, "स्वस्तातला वाटला रे."

---

आडवातिडवा

"कुणी टाळावं" या रकान्याबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या मते सगळ्या शीटमधला तोच सर्वांत कामाचा. "सगळ्यांनी बघावा असा" हे वाक्य म्हणजे शून्य माहिती. "पहिली वीस मिनिटं संवाद नाहीत, कंटाळा येत असेल तर नको", "कुत्रा मरतो", "शेवट उघडा सोडलाय", "गायिकेचा आवाज मुद्दाम घोगरा आहे, गोडवा शोधू नका" असं लिहिलं की वाचणारा नेमका ठरवतो.

---

रकाना

बरोबर. आणि एक आकडा ठरवून टाका : दोन्ही रकाने मिळून ५० शब्द. त्याहून लांब लिहिलं की कथानक सांगायला सुरुवात होते. रहस्य फुटू नये म्हणून साधी रेघ : चित्रपटाचा पहिला चौथा भाग, गेमचे पहिले दोन तास, त्यापुढचं काही लिहायचं नाही.

मग वाटप. यादी सगळ्यांना एकदम दिली की कुणीच काही उचलत नाही. फेब्रुवारीत चिठ्ठ्या टाका : प्रत्येकाला दुसऱ्या एकाची एकच नोंद, ३१ मार्चपर्यंत बघायची-ऐकायची आणि शीटमध्ये गुण भरायचे. चिठ्ठी काढणाऱ्याने ती आधीच पाहिलेली असेल तर पुन्हा काढायची. गेम आला आणि यंत्र नसेल तर त्याच माणसाचा चित्रपट.

---

कोमल_गंधार

बरोबरी झाली तर? आधीच ठरवा, नंतर ठरवलं की प्रत्येकजण आपल्या आवडत्याच्या सोयीचा नियम आणतो.

---

रकाना

क्रमाने : ज्याला ९ किंवा १० गुण जास्त जणांनी दिले तो वर. तरी बरोबरी असेल तर कमी जणांनी पाहिलेला वर, कारण तोच अजून पोचायचाय. तरीही राहिली तर दोन्ही एका क्रमांकावर आणि पुढचा क्रमांक गाळायचा (३, ३, ५).

३१ जानेवारीला शीटची प्रत काढून साधी सीएसव्ही (नुसत्या मजकुराची तक्ता-फाइल) जतन करा. लेटरबॉक्सड या चित्रपटांच्या संकेतस्थळावर नोंदी ठेवणाऱ्यांना आपली डायरी तशीच उतरवून घेता येते, ती जोडून ठेवा. फाइलच्या नावात वर्ष आधी : "२०२५-यादी", "यादी-२०२५" नव्हे, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप ओळीने लागतात.

---

वाचनमात्र

मार्चमधले नवे गुण जुन्या निकालात मिसळायचे का?

---

रकाना

नाही. कुलूप लावलेल्या पानाला हात नाही. शेजारी "नंतरचे गुण" असा वेगळा रकाना. देणाऱ्याचे १० आणि चिठ्ठीवाल्याचे ४ शेजारी शेजारी दिसले पाहिजेत. पुढच्या वर्षी कुणाची शिफारस कुणाला लागू पडते, ते त्यावरूनच कळतं.